शैलाने न विकलेला अ‍ॅम्प्लिफायर

केतकीचा फोन आला तेव्हा मी डब्याच्या पोळ्या लाटत होते. "मावशी, आई उठतच नाहीये… शी इज कोल्ड," एवढंच ती बोलली. शारजाहून दुबईतल्या अल कुसैसला पोचेपर्यंत मी टॅक्सीत एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे की माझ्यासाठी ते किती अवघड आहे. शैला झोपेतच गेली होती. पन्नाशीही धड पार केली नव्हती बाईने.

पंधरवड्याने इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. तिथे एक ज्येष्ठ गृहस्थ माइकवर म्हणाले, "शैलाताई व्यवहाराला भारी पक्क्या. नवऱ्याचं भंगार सोन्याच्या भावाने विकायला बसल्या होत्या." आणि लोक हसले. शोकसभेत हसले. मी उठणार होते, पण केतकीने माझा हात धरून ठेवला. "नॉट नाउ, मावशी. स्टॅम्प लागू दे." आता स्टॅम्प लागला आहे. कसला, ते पुढे येईलच. केतकीला विचारूनच हे लिहिते आहे, आणि ज्यांना झोंबायचं त्यांना खुशाल झोंबू दे.

नव्वदच्या दशकात अल कुसैसला आमची दारं समोरासमोर होती. शैलाचा नवरा श्रीकांत शारजाच्या औद्योगिक भागात एका वर्कशॉपमध्ये फोरमन. त्याला एकच व्यसन, जुनी गाणी ऐकायची यंत्रं. कॉन्ट्रॅक्ट संपवून मायदेशी परतणारे गोरे साहेब घर रिकामं करायचे, तेव्हा हा पठ्ठ्या तिथे हजर. लोक फ्रिज नि सोफे उचलायचे, हा रेकॉर्ड प्लेयर उचलायचा. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे अ‍ॅम्प्लिफायर, स्पूलचे टेपरेकॉर्डर, माणसाच्या छातीएवढे स्पीकर. सगळं घरी आणून खोलायचं, दुरुस्त करायचं आणि शुक्रवारी मित्रांना बोलावून ऐकवायचं. शैलाला गाण्याचा कान अजिबात नव्हता. "फरक कळला का आवाजातला?" असं त्याने विचारलं की ती "हो, छानच" म्हणायची आणि मेथी निवडत बसायची. पण मेथी निवडता निवडता ती ऐकणाऱ्यांची तोंडं बघायची. कोण खरंच ऐकतोय, कोण चहाची वाट बघतोय, हे तिला बरोबर कळायचं. ती विद्या पुढे एवढी कामाला येईल असं तिलाही वाटलं नसेल.

श्रीकांत साइटवर कोसळला तेव्हा केतकी पाचवीत होती. दिवस झाले आणि त्याचे थोरले भाऊ अबूधाबीहून येऊन ठाकले. त्यांना सगळेच दादा म्हणतात, मीही तेच म्हणते. सोफ्यावर बसून त्यांनी सगळं ठरवूनच टाकलं. "हे सामान काढून टाकू. शैला, तू पोरीला घेऊन देवगडला चल. आई अंथरुणाला खिळली आहे, तिचं करायला घरचं माणूस हवं. केतकी जाईल तिथल्या शाळेत." शैलाने काय करायचं ते शैलाला कुणी विचारलं नाही. तिने तोवर इथल्याच एका शाळेच्या ऑफिसात नोकरीसाठी शब्द टाकला होता आणि त्यांनी होकारही दिला होता. पण केतकीचा व्हिसा आईच्या नावावर करायचा तर कागदावर वडिलांकडच्या पुरुषाची सही मागत होते. म्हणजे दादांची, आणि तीही दरवर्षी नव्याने. भांडण करून सही मिळत नाही, हे कुठल्याही सुनेला सांगावं लागत नाही.

दादांनीच शारजाच्या रोल्ला बाजारातला एक दुकानदार बोलावला. त्याने बसायचेही कष्ट घेतले नाहीत, बोटाने टकटक करत खोलीभर फिरला. "भाभी, सब पुराना माल है। तीन हजार दिरम, पूरा लॉट, आज ही उठा लूँगा।" दादा पुटपुटले, "म्हणजे पंचवीस हजार रुपये… बरे आहेत." तेवढ्यात शैलाने विचारलं, "अकेला वो बडावाला कितने का?" बडावाला म्हणजे श्रीकांतचा लाडका अ‍ॅम्प्लिफायर. दुकानदार बेफिकीर दिसायचा प्रयत्न करत होता, पण त्याची नजर तिकडे दोनदा जाऊन आली होती. मेथी निवडणाऱ्या बाईने ते टिपलं. ती म्हणाली, "वो आठ हजार का है। बाकी का बाद में देखेंगे।" दुकानदार हसला आणि यल्ला म्हणून निघून गेला. दादा मात्र हसले नाहीत. त्यांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला, "आठ हजार… जवळजवळ सत्तर हजार रुपये," आणि त्या काळ्या पेटीकडे ते प्रथमच नीट बघायला लागले.

"विकू ना, दादा," शैला म्हणाली. "पण योग्य भावात. घाईत दिलं तर आपलंच नुकसान. तोवर केतकीचा व्हिसा तेवढा करून ठेवू या."

दादांनी सही केली. देवगडच्या घराचं छप्पर नवं करायचं त्यांच्या मनात होतं, आणि ते कुणाच्या पैशाने, हे आता त्यांना दिसलं होतं. आयत्या बिळावर नागोबा.

मग सुरू झाली विक्री. दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी बघायला यायचा. एक खुर्ची पंख्याखाली, समोर स्पीकर. शैला अ‍ॅम्प्लिफायर लावायची, व्हॉल्व्ह तापेपर्यंत पाणी द्यायची, रेकॉर्ड ठेवायची आणि स्वतः समोर बसून त्या माणसाचं तोंड बघायची. गाणं संपलं की भाव सांगायची आणि माणूस उठून जायचा. प्रत्येक वेळी. एक सोडून बाकीचे रेकॉर्ड प्लेयर, टेपरेकॉर्डर अशा लहानसहान वस्तू तिने अधूनमधून दिल्या, त्याही वाजवी भावात. मोठं मात्र हलेना. बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली, बाईला हाव सुटली आहे. मलाही राग यायचा. बावळटासारखं गिऱ्हाईक घालवते म्हणून मी तिला फाडफाड बोलायचे. ती म्हणायची, "बघू गं कुंदा, इन्शाल्ला," आणि कपबशा आत घेऊन जायची.

एके दुपारी एक वयस्कर अरब गृहस्थ आले. अंगात पांढरा स्वच्छ पायघोळ कंदुरा, हातात माळ. जुन्या पिढीतले, हिंदी आपल्यापेक्षा सफाईदार. गाणं चालू असताना त्यांच्या तोंडावरची रेषा हलली नाही. शैलाला वाटलं, हा माणूस नुसता वेळ घालवायला आलाय. म्हणाली, "दस हजार।"

"खलास," ते म्हणाले, म्हणजे सौदा पक्का, आणि खिशात हात घातला.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. शैला पांढरीफटक पडली. "नहीं… मतलब… स्पीकर का अलग," ती म्हणाली. ते म्हणाले, ठीक है. "ट्रान्सफॉर्मर का भी अलग।" तेही ठीक है. ती नुसती पदराचं टोक पिळत उभी राहिली. मी मधे तोंड घालणार, एवढ्यात त्या गृहस्थांचं लक्ष सोफ्यावरच्या केतकीच्या दप्तराकडे गेलं, मग भिंतीवरच्या श्रीकांतच्या हार घातलेल्या फोटोकडे. त्यांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. "बहन, तुमको बेचना नहीं है," ते शांतपणे म्हणाले. चहा घेतला, आणखी एक गाणं ऐकलं आणि निघून गेले.

दार लागल्यावर शैलाने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. मी म्हटलं, "अगं वेडे, देत होता ना तो."

"तेच तर," ती म्हणाली. "हे विकलं की सामान संपलं. मग दादांना काय सांगू? कशाच्या नावावर सही मागू?" …मग हसायला लागली. "मला तोंड बघून कळतं गं, किती सांगितलं की माणूस उठेल. ह्याचं तेवढं चुकलं."

तर हे होतं ते. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते तिने वर्षानुवर्षं केलं. भाव जितका चढा, तितकी दादांची सही लवकर. दरवर्षी ते अबूधाबीहून यायचे, "गेलं का?" विचारायचे, आणि ती म्हणायची, "बारा सांगितलेत, दादा. माणूस विचार करतोय." लोकांनी तिला लोभी म्हटलं, तेही तिने राहू दिलं. लोभी बाईला कुणी परत नेऊन सासूच्या उशाशी बसवत नाही, फार तर नावं ठेवतं. तोवर केतकी दहावी झाली, बारावी झाली, इथल्याच कॉलेजात गेली. बाईने नाकावर टिच्चून पोरगी शिकवली, आणि तुम्ही माइकवर हसता. मला त्या दिवशी त्या सभेत कुणाचीही भीड वाटत नव्हती. फक्त केतकीचा हात होता म्हणून बसले.

कारण कॉलेजचं शेवटचं वर्ष बाकी होतं. व्हिसाच्या कागदावर पालक म्हणून सही हवी होती, आणि आई गेल्यावर पालक एकच उरला.

शोकसभेनंतर दादा घरी आले. केस पांढरे झालेत, बाकी तसेच. त्याच सोफ्यावर बसले. म्हणाले, "केतकी, आता हे सगळं काढून टाकू. एकटी मुलगी इथे राहून काय करणार? देवगडला चल. तिथे बघू काय ते." मी स्वयंपाकघराच्या दारात होते. माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं, कारण केतकी माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर मी ओळखत होते. एरवी इंग्रजीतच उत्तरं देणारी पोरगी स्वच्छ मराठीत बोलली.

"विकू ना, मोठे काका. पण योग्य भावात."

दादा सोफ्यात पुढे सरकले. "म्हणजे किती येतील?"

केतकीने क्षणभर त्यांचं तोंड निरखलं. "पंधरा हजार दिरम तरी. एक जण विचार करतोय. माझं वर्ष संपेपर्यंत नक्की होईल."

दादांचे ओठ हलायला लागले, दिरमला बारा रुपये, म्हणजे पंधरा गुणिले बारा… मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला. "कुठे करायची सही?"

परवा तिच्या पासपोर्टवर व्हिसाचा स्टॅम्प लागला. वर्ष संपल्यावर नोकरी धरेल, मग कुणाची सही लागणार नाही. काल मी गेले होते तेव्हा पंख्याखालची खुर्ची तिथेच होती. केतकीने मला तीत बसवलं, अ‍ॅम्प्लिफायर लावला, आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत पाणी आणून दिलं. मग रेकॉर्ड ठेवली आणि स्वतः समोर बसून माझं तोंड बघत राहिली. मी डोळे पुसले तसं तिने विचारलं, "घेणार का, मावशी? तुझ्यासाठी वीस हजार."

मी उठले नाही. बसून राहिले आणि रेकॉर्डची सगळी बाजू ऐकली.