हर्षलाबाई आणि कोंडाण्याचा बिबट्या

…तर मोबाईलवरच्या फोटोत तो बिबट्या कोंडाण्याच्या लेण्यांसमोर ऐटीत बसलेला, इथवर काल आलो होतो. 'आज सकाळचा' म्हणून मालोजीतात्यांनी तो फोटो गावभर पाठवला आणि शाळा ओस पडली. पोरांची वाट लेण्यांखालूनच, कोण पाठवणार?

हर्षलाबाई नेरळच्या. मोबाईलवर काहीही येवो, आधी डोळे उघडून बघा, हा त्यांच्या वर्गातला रोजचा पाढा. रिकाम्या वर्गात त्यांना चैन पडेना. त्यांनी सरळ तात्यांची ओटी गाठली. आळीतली पोरं भोवती जमली. बाईंनी फोटो मोठा केला.

"बिबट्याला सोडा. त्याच्या मागं काय दिसतंय?"

तात्यांची नात समिधा ओरडली, "बाई, धबधबा! शिमग्यात कुठला धबधबा? तिथं आता टिपूस नाय! आणि बाजूचं गवत तर वाळलेलं!"

"मग हा फोटो कुणी काढला?"

"काढला नाय, मशीननं बनवला! त्याला आपला डोंगर ठाऊकच नाय!"

ओटीवर हशा पिकला. तात्या मात्र फुगले. "म्हणजे मी गावाला फसवलं का हो बाई?"

हर्षलाबाई हसून म्हणाल्या, "तुम्ही नाय तात्या, फोटोनं तुम्हाला फसवलं. आता हे धबधब्याचंही तसंच गावभर पाठवा, आणि उद्या समिधाला शाळेत पाठवा."