गोड्या विहिरीतलं कासव

त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीत कासव होतं आणि माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आमचं गाव पेणच्या खाडीकडेला. तिथं विहिरीला गोडं पाणी लागणं म्हणजे लॉटरीच, आणि तीही अर्ध्या वर्षाची. चैत्र सरता सरता आमचं पाणी मचूळ व्हायचं. मिठागरात काम करणाऱ्या मामाला खाडीचं पाणी आत घ्यायच्या चरात हे कासव अडकलेलं सापडलं, चिखलानं माखलेलं. तो ते गोणपाटात बांधून घेऊन आला. आईनं हळदकुंकू वाहिलं आणि विहिरीत सोडलं. विहिरीत कासव असलं की पाणी बिघडत नाही, अशी आमच्याकडची समजूत. नेमका त्या वर्षी चैत्र संपला तरी पाणी गोडच राहिलं. झालं! आई कासवाचं नाव घेतानासुद्धा पदर सावरू लागली.

पण कासव काही खात नव्हतं. भात टाका, भाजी टाका, शिवायचं नाही. एका अंगावर कलंडून तरंगत राहायचं. मी सकाळी एसटी पकडायच्या आधी विहिरीत डोकवायचे आणि संध्याकाळी चप्पल न काढता पुन्हा तिथेच. हे गोड्या पाण्यात जगतं की नाही, ते गावात कुणालाच सांगता येईना. माझ्याखेरीज कुणी विचारतही नव्हतं म्हणा.

मी तेव्हा रोह्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तिथं नुकतंच इंटरनेट आलेलं. जोडताना यंत्र खरखरायचं, किंचाळायचं आणि आतून सर ओरडायचे, "फोन अडकवून ठेवू नका, बाई!" मुलं गेली की मी कासवं शोधायला बसायचे. एक पान म्हणे, रोज कोबी द्या. दुसरं म्हणे, मांजराचं खाणं द्या. तिसरं म्हणे, आठवड्याला पाणी बदला. विहिरीचं! एक पान मात्र इतकं देखणं होतं की मी सगळं उतरवून घेतलं. कासव कुठल्याही स्वच्छ पाण्यात सुखानं राहतं, असं त्यात होतं. जिवात जीव आला. मग तळाशी गेले, तर लिहिणारी अमेरिकेतली पाचवीतली मुलगी निघाली, शाळेच्या प्रकल्पासाठी लिहिलेलं. असा संताप आला, तिचा की माझा कोण जाणे.

घरी येऊन आईला म्हटलं, "आये, ते मरंल गो. खाडीत सोडूया."

"कोन सांगतंय?"

"कॉम्प्युटरवर लिवलंय." हे धड खरंही नव्हतं.

"लिवनाऱ्यानं आपली विहीर बगलीय? कासव बगलंय?"

मी पाय आपटत आत गेले. कारण तिचं बरोबर होतं.

मग मी पान उघडलं की आधी तळाशी जायला लागले. कोण लिहितंय, कुठून लिहितंय? बहुतेकांना नाव ना गाव. शेवटी परदेशातल्या एका विद्यापीठाचं पान सापडलं. खाली लिहिणाऱ्या बाईंचं नाव होतं आणि प्रश्न पाठवायला पत्ता. सरांच्या ईमेलवरून मी विचारलं. रोज क्लासच्या पायरीवर पाय ठेवताच सर मान हलवायचे, नाही आलं. एक दिवस त्यांनी मान हलवली नाही.

बाईंनी लिहिलं होतं: मी तुमचं कासव पाहिलेलं नाही, तेव्हा खात्रीनं सांगता येणार नाही. तुम्हीच बघा. पुढचे पाय वल्ह्यासारखे चपटे असले आणि डोकं कवचात ओढून घेता येत नसलं, तर ते समुद्राचं आहे. गोड्या पाण्यात ते हळूहळू मरेल.

मामानं दोराला टोपली बांधून सोडली. कासव धडपडलंही नाही, आलं वर. पाय वल्ह्यासारखे होते. आईनं स्वतः त्याच्या डोक्याला बोट लावलं. डोकं बाहेरच राहिलं. तिनं पुन्हा लावलं.

"गोनपाट भिजवून आन," ती शेवटी म्हणाली.

भरतीला आम्ही ते खाडीत सोडलं. थोडा वेळ नुसतं तरंगलं, मग एक पाय हलला, दुसरा हलला आणि दिसेनासं झालं. मला रडू आलं.

पुढच्याच आठवड्यात पाणी मचूळ झालं. आईनं घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. माझं उत्तर तयार होतं. दरवर्षीच होतं, यंदा उशिरा झालं, कासवाचा काय संबंध? ती भांडेल म्हणून मी दोन दिवस तिच्या मागेमागे फिरले. तिनं विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी टँकरसाठी हंडे घेऊन निघालो, तेव्हा वाटेत म्हणाली, "जगलं असंल ना गो ते?"

मी "व्हय" म्हणाले. मला माहीत नव्हतं.