माय पुढच्या सीटवर

आमचं घर कोहमाऱ्याला, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. बाबा ट्रक चालवायचे. गोंदियाच्या गिरण्यांमधला तांदूळ घेऊन पार बंगालपर्यंत जायचे, परत आल्यावर दोन दिवस घरी राहायचे आणि तिसऱ्या दिवशी अंगणात येरझाऱ्या सुरू. मग माय भांडायची. घर गोड लागत नाही का, हा तिचा एकच प्रश्न. बाबा हसून टॉवेल खांद्यावर टाकायचे आणि निघायचे. मायला त्यांनी ट्रकमध्ये कधीच बसवलं नाही. ड्रायव्हरची बायको केबिनमध्ये दिसली तर चारचौघांत हसं होतं, असं त्यांचं म्हणणं. बाबा गेले आणि मायचा प्रश्न तसाच राहिला.

पुढे मी नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात आले. मागच्या वर्षी मायला बोलावलं आणि पर्थहून ॲडलेडला जायला एक मोटारहोम भाड्याने घेतलं. मागे पलंग, मधे ओटा, ओट्याला लागून संडास. मायने आत डोकावलं आणि नाक मुरडलं. "संडासाजवळ सैपाक? मी नाई करत." शेगडी बाहेर मांडून भात शिजवायचा, हे तेव्हाच ठरलं.

पहिले दोन दिवस झाडं होती. मग ती बुटकी झाली, विरळ झाली आणि एका सकाळी संपलीच. आमच्याकडे नजर कुठेतरी अडते. धानाच्या बांधाला अडते, मोहाच्या झाडाला अडते, दरेकशाकडे गेलं तर डोंगराला अडते. इथे तिला अडवायला काहीच नव्हतं. आभाळ चारी बाजूंनी थेट जमिनीपर्यंत उतरलेलं आणि मधून काळा, सरळ रस्ता. इतका सरळ, की स्टिअरिंग धरून बसायची मला लाज वाटायला लागली. कितीतरी वेळ ना गाव, ना माणूस. एवढं मोठं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"एवढी जागा कोनाची हाये?" मायने हळूच विचारलं. देवळात बोलावं तसं.

"कोणाचीच नाही."

ती गप्प झाली. माय गप्प होणं हेही मी आयुष्यात फार पाहिलेलं नाही.

समोरून तीन-तीन डबे जोडलेले ट्रक यायचे. प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. "हा काऊन बोट दाखवते?" इथला रामराम असाच, म्हटल्यावर मायने प्रत्येक ट्रकला दोन्ही हात जोडायला सुरुवात केली. नंतर ती लांबून ट्रक दिसला की पदर सावरून तयार बसायची.

त्या माळरानातच दुपारी भांडी घासायला गेले, तर नळाला पाणी नाही. टाकी भरून तर निघालो होतो. विचारलं तेव्हा कळलं, की माय रोज सकाळी मी झोपेत असताना गाडीच्या दारापुढे सडा टाकत होती. चांगला बादलीभर. पुढचं पाणी कुठे मिळेल, ठाऊक नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माय, ही गाडी आहे. घर नाही."

"तुह्या बापाले मी हेच म्हणत होती," ती म्हणाली. "आता पाह्य, मीच सडा टाकून राहिली." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिकडं त्यानं दुसरं घर मांडलं असन, असं मले आखरीपर्यंत वाटे. नाई तं कोनता मानूस तिसऱ्या दिवशी पळते?"

बाबांचं मलाही काही माहीत नव्हतं. पिण्याच्या बाटल्या भरलेल्या होत्या, तेवढ्यावर आम्ही पुढे निघालो.

तासाभराने रस्ता अचानक पठाराच्या काठावर आला आणि खालचं सगळं मैदान एकदम समोर उघडलं. मी आपसूक गाडी बाजूला घेतली. खाली करडी-हिरवी जमीन, तिला दुसरा काठच नाही. आपला रस्ता उतरून तिच्यातून दूर गेलेला, त्यावर एक ट्रक मुंगीएवढा. अगदी लांब एक निळसर रेघ, ती समुद्राची असावी. माझे डोळे भरून आले. कारण विचाराल तर सांगता येणार नाही.

माय काचेला हात टेकून बसली होती.

"त्याच्या रस्त्यावर असंच दिसे का?"

"असंच नाही. तिकडे घाट आहेत, जंगल आहे, मोठमोठ्या नद्या आहेत."

"पन सकाळी निंगाला का असंच वाटत असन."

"वाटत असेल."

तिने पदराने डोळे पुसले. "बाई-बिई नव्हती तं कोनी," ती म्हणाली. पुन्हा खाली बघितलं. मी चावी फिरवली.

"मले एकडाव बाजूले बसवलं असतं," माय म्हणाली, "तं मी कायले भांडली असती?"