म्हशीचा रिपोर्ट

किरनापूरच्या बसमध्ये अनुसयाबाईंच्या मांडीवर एक निळी बर्फाची पेटी असते. शेजारचा प्रवासी दोन थांबे धीर धरतो, मग विचारतोच, "मच्छी आहे काय?" अनुसयाबाई म्हणतात, "हौ." खरं सांगितलं तर तो उठून दुसरीकडे बसेल, हे त्यांना माहीत आहे. पेटीत बाळंतिणींचं दूध असतं.

बालाघाटला गेल्या वर्षापासून एक संशोधन चालू आहे. बाळ सहा आठवड्यांचं झालं की आईचं दूध तपासायचं, बाळाचं वजन लिहायचं आणि दोन्हींचा काही संबंध लागतो का ते पाहायचं. पाहायचं काम डॉक्टर अनुराग यांचं. गावोगाव जाऊन दूध मागायचं अनुसयाबाईंचं. वय छप्पन्न, शिक्षण आठवी, आवाज बसच्या हॉर्नसारखा. आईच्या दुधावर आई सोडून घरातल्या सगळ्यांचं मत असतं, त्यांना गप्प करायला असाच आवाज लागतो.

एका सोमवारी डॉक्टर यंत्रातली चिठ्ठी नाचवत आले.

"मावशी, ये रूपाली कौन है? हिच्या दुधात चरबी दुप्पट, प्रथिनं चौपट! असं मी कुठं वाचलंसुद्धा नाही. ही खाते काय, ते विचारून या."

त्यांच्या डोळ्यांत परदेशातली परिषद दिसत होती. अनुसयाबाईंनी बाटली उघडून वास घेतला.

"विचारायचं काय त्यात, सर? धानाची तनीस खाते. संध्याकाळी सरकीची ढेप."

डॉक्टरांनी 'ढेप' लिहिलं आणि मग त्यांचं पेन थांबलं.

"म्हैस आहे, सर."

डॉक्टर कपाळाला हात लावून हसले. अनुसयाबाईही हसल्या, पण थोडंच. ती बाटली रूपालीच्या सासूने, विमलाबाईने, आतून भरून आणली होती. सून लाजते म्हणून. तिकडे समजूत अशी की अंगावरचं दूध गावच्या शिवेबाहेर गेलं तर आटतं. म्हणून सासूने म्हशीचं दिलं, इथवर ठीक. पण वहीत बाळाचं वजन होतं. जन्माचं दोन किलो आठशे. सहा आठवड्यांनी दोन किलो नऊशे.

अनुसयाबाईंचं पहिलं मूल दीड महिन्याचं असताना गेलं. घट्ट दूध चांगलं, असं तेव्हा त्याही मानत होत्या. ही गोष्ट त्या कुणाला सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या बसने निघाल्या.

विमलाबाई ओट्यावर होती, म्हैस अंगणात.

"ये बाई. पुन्हा दूध पाहिजे काय?"

"नाही. तुमच्या म्हशीचा रिपोर्ट आला, तो सांगाले आली. डॉक्टर लय खूश आहेत तिच्यावर."

विमलाबाई जराही ओशाळली नाही. "मंग काय सुनेचं शिवेबाहेर धाडू? आटलं म्हणजे तू येशील पाजाले?"

"या वयात मले कोण पुसते? पोराले काय पाजता ते सांगा."

"म्हशीचंच. हिचं पातळ आहे, पाण्यावाणी. त्याच्यानं काय होते?"

आत रूपाली भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाळ किरकिरत होतं. पोट बिघडलेलं, ढुंगण लाल. तांदळाच्या कोठीमागे दुधाची शिशी.

"म्हशीच्या पिल्लाले घट्टच लागते," अनुसयाबाई म्हणाल्या. "त्याले नांगर ओढाचा असते. तुमचा नातू काय ओढणार आहे?"

"मले नको शिकवू. चार पोरं वाढवली मी."

आता आवाज चढवून उपयोग नव्हता. अनुसयाबाईंनी तो खाली आणला.

"बरं, तुमचंच खरं. शिवेबाहेर गेलेलं दूध आटते ना?"

"हौ."

"मंग मागच्या खेपेस शिवेबाहेर कोणाचं गेलं?"

विमलाबाईने म्हशीकडे पाहिलं. म्हैस रवंथ करत होती, तिला आपल्या भवितव्याची काही कल्पना नव्हती. आतून हसू आलं. रूपालीचं, दाबलेलं.

"सुनेचं इथंच आहे, कुठंच गेलं नाही," अनुसयाबाई म्हणाल्या. " जेवढं पाजन तेवढं वाढन. म्हशीचा मात्र आता भरोसा नाही."

त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात दाखवून आणलं. पुढचा महिना अनुसयाबाई दर तीन दिवसांनी जात राहिल्या. निमित्त म्हशीच्या तब्येतीचं, बसायच्या रूपालीजवळ. बाळ कसं धरायचं, कितीदा पाजायचं हे सांगायच्या, आणि विमलाबाई दारात उभी राहून ऐकायची, आपण ऐकत नाही असं दाखवत. शिशी आधी माळ्यावर गेली, मग दिसेनाशी झाली. चौथ्या आठवड्यात काटा साडेतीन किलोवर थांबला. अनुसयाबाईंनी तीनदा वजन केलं. एकदा पुरलं असतं.

त्याच आठवड्यात म्हैस आटली. ती गाभण होती, आठवा महिना, आटणारच होती. रिपोर्ट सांगायला आल्या त्या दिवशी अंगणात शिरतानाच अनुसयाबाईंनी तिचं पोट पाहिलं होतं.

"पाह्यलं?" विमलाबाई विजयाने म्हणाली. "मी म्हणत होती का नाही?"

"तुमचंच खरं होतं," अनुसयाबाई म्हणाल्या.

ही बातमी गावभर झाली. त्या गावातून आजवर दुसरी बाटली मिळालेली नाही. डॉक्टरांच्या वहीत रूपालीसमोरचे दुधाचे रकाने कोरे आहेत, फक्त वजन लिहिलेलं आहे.

परतीच्या बसमध्ये कुणीतरी विचारलं, "मच्छी आहे काय?"

रिकामी पेटी मांडीवर नीट धरत अनुसयाबाई म्हणाल्या, "आज नाही भेटली."