एप्रनचं टोक

बाजारात नुबियाची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. आई पुढे, ही मागे आणि आईच्या एप्रनचं टोक हिच्या मुठीत. लहान होती तेव्हा ते शोभून दिसायचं. आता चाळिशी जवळ आली, केस पिकायला लागले, तरी मूठ काही सुटत नव्हती.

"काय हो दोन्या एर्मेलिंदा, पोरीला अजून दावणीलाच बांधलंय वाटतं?" युकाचे कंद विकणारी बसिलिया खवचटपणे विचारायची.

"मी कुठली बांधतेय? तीच मला सोडत नाही. माया आहे तिची. तुझ्या लेकी फिरकतात का गं तुझ्याकडे?"

बसिलिया मग कंद तोलायला लागायची आणि एर्मेलिंदाबाई मान ताठ करून पुढे चालायची. तो एप्रन हा तिचा मानाचा झेंडाच होता म्हणा ना.

नुबियाला यातलं अक्षरही ऐकू येत नसे. ती जन्मापासून बहिरी. आणि मायेचं म्हणाल, तर त्या मुठीत मायेचा टिपूसही नव्हता. पोलीस चोराला धरतो तशी ती आईला धरून चालायची.

त्याला कारण होतं. नुबिया नऊ वर्षांची असताना आई तिला बोआकोच्या डोंगरातून राजधानीत, मानाग्वाच्या याच बाजारात घेऊन आली होती. सोबत मावशी होती, पोत्यांनी भरलेल्या ट्रकमधून तिघी आल्या होत्या. पोपटांच्या पिंजऱ्यांपाशी नुबिया रमली. एका पोपटाला दोन्ही बाजूंनी बघून झालं आणि ती वळली, तर आई नाही. सबंध दिवस ती पिंजऱ्याखाली बसून राहिली. तिन्हीसांजेला आई धावत आली. आधी तिने थोबाडीत मारली, मग छातीशी धरलं. नुबियाच्या लक्षात राहिली ती थोबाडीत. मी पोपटांपाशी आहे हे मला माहीत होतं, म्हणजे आईलाही माहीत होतं, आणि माहीत असून ती गेली, असा तिने त्याचा अर्थ लावला.

हसू नका. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, ही अक्कल कुणी पोटातून घेऊन येत नाही. 'मला वाटलं', 'त्याला काय माहीत', 'ती समजली भलतंच' असं घरात दिवसभर चाललेलं असतं, त्यातून पोरं ती वेचतात. नुबियाच्या वाट्याला आईच्या मोजक्या खुणा आल्या. जेव, ये, झोप, भाजेल, गप्प बस. 'मला वाटलं' याला खूण कुठली करणार? एर्मेलिंदाने त्या संध्याकाळी हात जोडले, रडली, आकाशाकडे बोट केलं. नुबियाला त्यातून एवढंच कळलं की आई रडतेय.

पुढे त्या दोघी मानाग्वात राहायला आल्या. तिथे बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाली होती. मास्तर ओठ वाचायला शिकवत आणि पोरं मैदानात हातांनी आपली भाषा जुळवत. नुबिया तिथे पोचली तेव्हा मोठी झाली होती. भाव, जेवण, कुचाळक्या, एवढं हातांत आलं आणि ती आईबरोबर मक्याच्या भाकऱ्या, म्हणजे तोर्तिया, थापायला बसली. भाषा मात्र थांबली नाही. मागून आलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांनी ती कुठल्या कुठे नेली.

त्यांच्यातलीच योर्लेनी. विशीची, सदा च्युइंगम चघळणारी, हात चालायला लागले की बघणाऱ्याचे डोळे दमावेत. रविवारी बहिऱ्यांच्या मंडळात सगळे जमत. एका रविवारी तिने गंमत सांगितली. थोरल्या भावाने चीज टोपलीत ठेवलं आणि तो आंघोळीला गेला. धाकट्याने ते काढून मडक्यात लपवलं. थोरला येतो, टोपलीत हात घालतो आणि आत जाऊन बसलेलं मांजर त्याला चावतं. पोरं हसून लोळली. नुबिया तशीच बसून होती.

"ताई, हसू नाही आलं?" योर्लेनीने हातांनी विचारलं.

"मूर्खच तो. चीज मडक्यात आहे, टोपलीत कशाला शोधतोय?"

पोरं पुन्हा हसली, यावेळी नुबियाला. योर्लेनीने त्यांना डोळ्यांनीच दामटलं आणि च्युइंगम काढून टाकलं. मग कपाळाला बोट लावून तिने पंजा पालथा केला. "त्याच्या डोक्यात ते अजून टोपलीतच आहे. त्याला *वाटतंय*. आणि चुकीचं वाटतंय."

नुबियाने ती खूण करून पाहिली. नवी चप्पल पायात घालावी तशी ती सबंध वाटभर करत राहिली.

दुसऱ्या दिवशी फळीला ओल आली म्हणून तिने मिठाचा डबा खाली कोरड्या परातीत ठेवला. एर्मेलिंदा आली आणि जुन्या फळीवर चाचपायला लागली. "मेलं मीठ कुठे गेलं? पाय फुटले का त्याला?" नुबिया बघत होती. मीठ खाली आहे आणि आई वर शोधतेय. आईच्या डोक्यात ते अजून वरच आहे. एकाएकी तिचे हात पिठातच थांबले. तिला पोपट आठवले.

तिने आईला ओढून स्टुलावर बसवलं. पोपट, पिंजरा, छोटी मी. मग आईकडे बोट, कपाळ, पालथा पंजा. तुला वाटलं होतं? चुकीचं?

एर्मेलिंदाला ती खूण नवी होती, पण ती लगेच उमजली. ती कपाळावर बोट आपटत सुटली. "मावशीपाशी! ट्रकच्या मागे, मावशीपाशी बसलीस असं वाटलं गं मला!" मावशीची लंगडी चाल करून दाखवली, पोती दाखवली. पुन्हा कपाळ, पुन्हा पालथा पंजा.

नुबियाला रडू फुटलं. रडता रडताच तिने आईचा एप्रन धरून दाखवला, मग पळणारी आई दाखवली. पळशील म्हणून धरत होते.

एर्मेलिंदाने एप्रनकडे पाहिलं. तीस वर्षं ती बसिलियासमोर कसला तोरा मिरवत होती, ते तिला तेव्हा कळलं. मग तिने बोट आपल्याच कपाळाला लावलं आणि पंजा पालथा केला.

पुढच्या रविवारपासून योर्लेनीला गरम तोर्तिया आणि चीज जायला लागलं, ते आजतागायत.

"ताई, एका खुणेची किती फेड करणार?"

"फिटणार नाहीच. तू खा. मला द्यायला बरं वाटतं."

मिठाच्या त्या दिवसानंतर पुढच्या बाजाराला नुबियाने एप्रन धरला नाही. हात हलवत, मोकळी, ती आईच्या मागून चालली. पोपटांच्या वळणावर एर्मेलिंदा थबकली. तिने पाठीमागे चाचपलं. एप्रन सैल होता. तिचा चेहरा उतरला. वळून बघते तर लेक तिथेच, दोन पावलांवर उभी.

बसिलिया बघत होती. "सोडलं वाटतं लेकीने."

एर्मेलिंदाने एप्रनचं टोक उचललं, नुबियाची मूठ उघडली, ते आत ठेवलं आणि बोटं एकेक करून मिटली. नुबियाने ते घट्ट धरलं.