सभासदाने स्वतः यावे

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या अभ्यासिकेत होते. पुस्तकात प्रश्न होता : पुढील विधानात न सांगता काय गृहीत धरले आहे? पुढचं विधान मला वाचताच आलं नाही...

हा प्रश्नप्रकार मी आत्याकडून शिकले. ती सातवी शिकलेली, चौसाळ्याजवळ दोन म्हशींवर घर चालवणारी. मी इंग्रजी शाळेतली, चारचौघांत तोंड न उघडणारी. सुट्टीत ती धार काढायची आणि मी शेजारी बसून वाचायचे, 'पाहुणे येणार आहेत, सुनेला लवकर उठव.' ती मान वर न करता म्हणायची, "सैपाक सुनंनंच करायचा, हे धरलंय. लई सोपं हाय, माय, दुसरं वाच."

दुष्काळात दूध संस्थेच्या फळ्यावर सूचना लागली : चारा वाटप उद्या, सभासदाने स्वतः येऊन सही करावी. आमच्याकडे दूध घालतात बाया आणि कार्ड असतं पुरुषाच्या नावावर. आतोबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी कार्ड त्यांचंच होतं.

"काकू, सभासदाला पाठवा," सहीसाठी पुढे झालेल्या आत्याला सचिव म्हणाले.

"सभासद मसणात हाय. तुमीच हाक मारून बघा."

रांगेतल्या बाया हसल्या. चेअरमन आतून म्हणाले, "वैनी, नियम हाय."

"नियमात काय धरलंय सांगू? सभासद म्हंजी बाप्या, त्यो जिता हाय, अन् गावातच हाय. ह्या बायांचे मालक ऊस तोडायला गेलेत. म्हशींनी तवर काय खावं?"

ती तिथंच पायरीवर बसली. मागच्या बायांनी भरलेले कॅन खाली ठेवले. त्या संध्याकाळी संस्थेत दूध पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चारा मिळाला आणि पुढं कार्डावर आत्याचं नाव चढलं. मी मात्र त्या संध्याकाळी संस्थेच्या खांबामागे उभी होते. एक शब्द बोलले नाही.

दहाव्याला आलेले लोक म्हणत होते, "पोटी मुलगा नव्हता, तरी खंबीर राहिली." त्या 'तरी'त काय धरलंय, ते मला दिसत होतं. संस्थेच्या कार्डाला वारस म्हणून तिनं माझं नाव लिहून ठेवलं होतं. तो कागद घेऊन मी संस्थेत गेले. सचिव हसून म्हणाले, "बेटा, वडलांना पाठव ना."

"कावून?" मी विचारलं. आत्याचा हा 'का?' मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला. "यात काय धरलंय ते सांगा, मग पाठवते."

त्यांनी कागद ठेवून घेतला आणि सभासदत्वाचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. अर्ज अजून मंजूर झालेला नाही. म्हशींची धार आता मीच काढते, म्हणून पुस्तक मी गोठ्यातच आणून ठेवलंय. रोज संध्याकाळी आत्याचा पोचे पडलेला कॅन घेऊन रांगेत उभी राहते, खांबाच्या पुढे.