काचेला चिकटलेला फोटो

भंगारवाल्याकडून परक्यांचे फोटो आणायचे, पुसूनबिसून जपायचे, हे काकूंचं वेडच होतं. नवऱ्यामागे स्टुडिओ बंद पडला, ट्रे नि ब्रश घरी आले आणि पुढची खोली अनोळखी चेहऱ्यांनी भरली. "घरची माणसं जड झालीत, त्यात ही कोण कुणाची!" नणंद म्हणायची. काकू हसण्यावारी न्यायच्या. परक्यांच्या फोटोंची एक सोय असते. बिघडले तर जाब विचारायला कुणी येत नाही.

या खेपेला मात्र आलं. दाराचं कुलूप दुरुस्त करायला आलेला कुलूपवाला भिंतीपाशी थबकला. फोटोत खुर्चीवर एक बाई, मांडीवर तान्हं बाळ, बाईची नजर बाळावर.

"ही माझी आई! मांडीवर मी. मावशीकडे होता हा फोटो, घर आवरताना भंगारात गेला. आई मला आठवतच नाही हो. इथे तेवढी बघते माझ्याकडे."

फोटो ओलीने काचेला चिकटला होता आणि बुरशी हनुवटीपर्यंत चढली होती. "सोडवून देते," काकू बोलून गेल्या.

काच गार पाण्यातच सुटते. पण फोटो हाताने रंगवलेला, रंग पाण्यात टिकतो का हे आधी पाहायला हवं. काचेपासून मोकळा होता तो फक्त पदराचा कोपरा. काकूंनी तिथे ओला कापूस फिरवला. रंग हलला नाही. त्यांनी ट्रेमध्ये फोटो सोडला, तेव्हा तो माणूस अगदी खांद्याशी उभा होता.

काच सुटली. पाठोपाठ चेहऱ्यावरून काळपट रंग पाण्यात उतरला. पदर तैलरंगाचा होता, डोळे मात्र जलरंगाचे! फोटो उचलेपर्यंत दोन्ही बुबुळं वाहून गेली होती.

खाली पापण्या मिटलेल्या होत्या.

काकू समजल्या. माणूस गेल्यावरही लोक फोटोसाठी स्टुडिओत बोलावणं धाडायचे, आणि मग नवरा फोटोतले मिटलेले डोळे ब्रशने उघडायचा. आता या बापड्याला हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

"मी रंगवते परत," त्या घाईने म्हणाल्या. "होते तस्से."

त्याने वाकून त्या मिटल्या पापण्या पाहिल्या.

"म्हणजे इथेही हिनं मला पाहिलंच नव्हतं?"

त्याने हत्यारांची पिशवी उचलली, दाराकडे तोंड केलं नि पाठमोराच म्हणाला, "रंगवा. पण बाळाकडेच बघू दे तिला."